नहपानाची नाणी आणि संशोधनाच्या अनेक वाटा

नाशिकच्या इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याकडे निघाले की समोर शंकूच्या आकाराचा एक डोंगर दिसतो. त्याच्या मध्यावर एका रांगेत कोरलेल्या चोवीस लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंच्या पावसाळी निवासासाठी ती कोरली गेली. तेथील शिलालेखांत या डोंगराचे नाव 'त्रिरश्मी' असे आहे. शाळांच्या सहली येथे नेहमी येतात आणि मुले पाठ्यपुस्तकातील एक वाक्य येथे हमखास ऐकतात : सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षत्रप नहपानाचा पराभव केला.

हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना सांगतो, ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण हे कोणी पाहिले, कोणी लिहून ठेवले आणि ते खरे कशावरून, हे क्वचितच विचारले जाते. विज्ञानाच्या तासाला 'सिद्ध करा' म्हणणारे आपण इतिहासाच्या तासाला 'लक्षात ठेवा' म्हणतो. संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक असा समज त्यातूनच पक्का होतो. दहावीनंतर शाखा निवडताना या समजाची किंमत अनेक मुलांना मोजावी लागते. म्हणून या एका वाक्यामागे किती निरनिराळ्या विद्याशाखांचे श्रम आहेत, ते पाहू.

अक्षरांची ओळख

लेण्यांतील लेख ब्राह्मी लिपीत आहेत. मधल्या कित्येक शतकांत ही लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३७ साली ती उलगडली जेम्स प्रिन्सेप याने. त्याचा व्यवसाय भाषेचा नव्हता. तो कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस तपासणारा अधिकारी होता. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील अनेक छोटे लेख त्याने शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक टिंब आढळले. पवित्र स्थळी अनेक लोक आपापल्या नावाने जे लिहून ठेवतील, ते 'दान' असणार असा तर्क त्याने केला. 'दानं' हा शब्द हाती आला आणि पुढची अक्षरे सुटत गेली. निरीक्षण, वारंवारता, तर्क आणि नव्या लेखावर त्या तर्काची परीक्षा, असा हा क्रम होता. विज्ञान शिक्षकांना तो ओळखीचा वाटेल.

नाशिकच्या लेखांवर पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी काम केले. भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक होते. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी या लेखांवर निबंध लिहिला. भगवानलालांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासाठी लेण्यालेण्यांत जाऊन ते लेखांच्या नकला घेत आणि त्यातूनच ते या विषयातील अधिकारी झाले. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. टांकसाळीतील अधिकारी, भाषेचा प्राध्यापक, वैद्यकीचा डॉक्टर आणि पदवी नसलेला पंडित अशी ही मंडळी होती.

लेखांची साक्ष

आता लेख काय सांगतात ते पाहू. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत नहपानाला 'क्षहरात' म्हणजे क्षहरात कुळातील म्हटले आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा मोठा लेख आहे. तो तिचा नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. त्यात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला व सातवाहन कुळाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, असे म्हटले आहे. ही दोन विधाने जोडली की पाठ्यपुस्तकातले वाक्य तयार होते.

पण ते सिद्ध झाले काय? बलश्रीच्या लेखात नहपानाचे नाव नाही. शिवाय आईने मुलाची केलेली ही स्तुती आहे. इतिहासकार अशा साक्षीला लगेच मान्यता देत नाही. साक्षीदार कोण, त्याचा हितसंबंध काय आणि घटनेपासून तो किती दूर, हे तो आधी विचारतो. ही इतिहासाची स्वतःची कसोटी आहे.

याच लेण्यातील दुसरा लेख अगदी कोरडा सरकारी हुकूम आहे. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षी सैन्याच्या विजयी छावणीतून तो निघाला. पश्चिम काखडी गावातील, पूर्वी 'उसभदात' याच्याकडे असलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे, असे त्यात गोवर्धनच्या अधिकाऱ्याला कळवले आहे. हा उसभदात म्हणजेच नहपानाचा जावई, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सहा वर्षांनी आणखी एक हुकूम निघाला : ते शेत कसले जात नाही, गावही वस्तीत नाही, म्हणून दुसरी शंभर निवर्तने जमीन द्यावी. स्तुतीला अतिशयोक्तीचा मोह असतो, जमिनीच्या दप्तराला तो नसतो. म्हणून इतिहासाला प्रशस्तीपेक्षा हा रूक्ष मजकूर अधिक मोलाचा वाटतो.

दगडातले व्याजाचे गणित

उषवदाताच्या एका लेखाकडे गणित शिक्षकांनी अवश्य पाहावे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांचा कायमचा निधी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. हिशेब करून पाहा. दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला शेकडा बारा, २,००० वर २४०. आणि वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असाही हिशेब दिला आहे. ३५ चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचे, असा विनिमयाचा दर त्यातून मिळतो.

हे आकडे जुळतात म्हणून भाषातज्ज्ञाने लावलेला अर्थ बरोबर असण्याची शक्यता वाढते. गणिताने येथे भाषेची परीक्षा घेतली. पुढचे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. राजघराण्यातील माणूस आपला पैसा विणकरांच्या संघटनेकडे ठेवतो आणि ती कायम व्याज देईल असा भरवसा धरतो, त्या काळच्या कारागिरांची पत केवढी असेल?

जोगलटेंभीचा ठेवा

१९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे, गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळच्या गावात, चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि सगळी नहपानाची. एकेक नाणे साधारण दोन ग्रॅमचे धरले तर ही जवळजवळ पाव क्विंटल चांदी होते. एका बाजूला राजाचा मुखवटा व त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे असे या नाण्यांचे रूप आहे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर जुन्या चित्रावरच दुसरा ठसा मारलेला होता. त्यात डोंगरासारखे चिन्ह होते आणि नाव होते गौतमीपुत्र सातकर्णीचे.

या शोधाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. भांडारकरांच्या पिढीने केवळ लेखांच्या आधारे काढलेल्या अनुमानाला, ते काढताना कोणालाही माहीत नसलेला पुरावा वीस-तीस वर्षांनी जमिनीतून मिळाला. लेखात जी दोन नावे कोठेही एकत्र नव्हती, ती एकाच चांदीच्या तुकड्यावर एकत्र आली. शिवाय क्रमही ठरला, कारण वरचा ठसा नंतरचा असणार.

'वरचे ते नंतरचे' हा नियम भूविज्ञानात निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडला. ज्या बेसाल्ट खडकात ही लेणी आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला. त्यांचा क्रम याच नियमाने लागतो. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी जुन्या नाशकात गोदावरीकाठच्या मातीच्या गढीचे उत्खनन केले, तेव्हा वस्तीच्या थरांचा क्रमही याच नियमाने लावला. नियम एकच, पण काळाचे एकक प्रत्येक ठिकाणी वेगळे. खडकात ते लाखो वर्षांचे असते आणि मातीच्या थरांत दशकांचे-शतकांचे. नाण्यावरच्या दोन ठशांत किती काळ गेला, हे मात्र नाणे सांगत नाही. शिवाय प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा करता येतो, खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही. म्हणून पुरातत्त्वात सविस्तर अहवाल हाच प्रामाणिकपणाचा निकष ठरतो. नाशिकच्या उत्खननाचा अहवाल १९५५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.

वजनकाटा आणि संख्याशास्त्र

नाण्यांना आणखी एक प्रश्न विचारता येतो, तो म्हणजे वजन. येथे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे नाव येते. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. चलनात फिरणारे नाणे हातोहात झिजते. सुरुवातीला एकाच वजनाची असलेली नाणी जितकी अधिक काळ फिरतील, तितके त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांमधला फरकही वाढतो, कारण काही फार फिरतात तर काही थोडी. हे तत्त्व त्यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या ठेव्यांना लावले आणि चालू चलनातील नाणी तोलून ते पडताळले. त्यांचा हा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध झाला. याच कोसंबींनी १९४४ साली आनुवंशिकीत जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दिले, ते आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. १९४८ साली त्यांनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली.

अर्थात संख्याशास्त्र आपल्या मर्यादाही सांगते. जमिनीत पुरलेला ठेवा हा यदृच्छेने घेतलेला नमुना नव्हे. कोणीतरी तो निवडून, साठवून पुरलेला असतो. म्हणून जोगलटेंभीच्या ठेव्यावरून नहपानाच्या सर्वच चलनाचे प्रमाण काढता येत नाही.

न सुटलेला प्रश्न

पराभव झाला हे आता निश्चित मानता येते. पण केव्हा? नहपानाच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे आहेत. ही शक संवताची मानली तर शेवटचे वर्ष इ. स. १२४ येते. ती त्याची स्वतःची राज्यवर्षे मानली तर तो सुमारे अर्धशतक आधी जातो. भडोच बंदराचे वर्णन करणाऱ्या 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्या प्रदेशाच्या राजाचे जे नाव येते, ते नहपानाचेच असावे असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे दुसऱ्या मताला अलीकडे बळ मिळाले आहे.

मग भौतिकशास्त्राने हा वाद मिटवावा, असे वाटणे साहजिक आहे. पण चांदीत कार्बन नसतो, त्यामुळे कार्बन-१४ पद्धत तिला लागू पडत नाही. ठेव्यासोबत कोळसा मिळाला असता तरी त्या कालमापनात काही दशकांची अनिश्चितता राहते आणि येथे वादच अर्धशतकाचा आहे. लेखात महिना आहे, पण वार किंवा ग्रहण नाही. म्हणून खगोलगणितालाही पकड मिळत नाही. सर्वांत अचूक समजले जाणारे शास्त्र प्रत्येक प्रश्नाला सर्वांत उपयोगी असतेच असे नाही.

एकच मोजपट्टी नको

या सर्व अभ्यासांत पुरावा म्हणून जे मानले जाते ते वेगळे आहे आणि चूक ओळखण्याची रीतही वेगळी आहे. भाषातज्ज्ञ व्याकरण आणि समांतर लेख पाहतो, इतिहासकार साक्षीदाराचा हेतू पाहतो, नाणकशास्त्रज्ञ ठसा पाहतो, संख्याशास्त्रज्ञ नमुना कसा मिळाला ते विचारतो. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावली तर दोन्ही बिघडतात. हाच न्याय संशोधनाचे मूल्यमापन करतानाही पाळला पाहिजे. निबंधांची संख्या मोजून गणिती, उत्खनक आणि पाठचिकित्सक यांना एका तागडीत तोलणे म्हणजे कार्बन-१४ ने चांदीचे वय काढणे होय. पण स्वतंत्र वाटांनी आलेले निष्कर्ष जेव्हा एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा मिळणारा विश्वास कोणत्याही एका वाटेने मिळत नाही.

शिक्षकांना दोन गोष्टी सहज करता येतील. पांडवलेण्यांच्या सहलीपूर्वी वर्गात २,००० कार्षापणांचे गणित घालावे आणि तो लेख मुलांना दहाव्या लेण्यात प्रत्यक्ष दाखवावा. दुसरे म्हणजे एकाच धातूची व एकाच घडणीची एक रुपयाची शंभर नाणी जमवावीत, नाण्यावरील सालाप्रमाणे गट करून प्रयोगशाळेतील तराजूवर एकेक नाणे तोलावे आणि प्रत्येक गटाची सरासरी व कमाल-किमान वजन आलेखावर मांडावे. हा तास गणिताचा, विज्ञानाचा की इतिहासाचा, असे एखाद्या मुलाने विचारले तर त्याचे उत्तर वर्गातील मुलांनाच शोधू द्यावे.