ठिणगीचा माग

तीन चाकांची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रिक्षा उभी राहते. परंतु मोटारीच्या इतिहासाचा आरंभच तीन चाकांवर झाला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मानहाइमच्या कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला तीनच चाके होती. इंधनाची वाफ ऐन क्षणी पेटवायची कशी, या प्रश्नाने बेन्झला फार छळले. त्याने बॅटरी आणि कॉइल घेऊन ठिणगी पाडली खरी; पण बॅटरी लवकर उतरत असे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, तसल्याच गाडीतून माहेरी पफोर्त्सहाइमला निघाली. वाट शंभर किलोमीटरांची. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले, तेव्हा मोज्याचा पट्टा तिथे गुंडाळला. मोटारीच्या ठिणगीची याहून जुनी वाटेवरची दुरुस्ती माझ्या तरी ऐकिवात नाही. ती करणारी बाई काही कारागीर नव्हती. पण तार तिला डोळ्यांनी दिसत होती.

पुढचा टप्पाही तीन चाकांवरचाच. १८९७ साली रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टमधील कारखान्याने द दियाँ-बुताँ या फ्रेंच तिचाकीवर मॅग्नेटो बसवला. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या जोरावर इंजिनाच्याच फिरण्यातून वीज काढणारे यंत्र; बॅटरीचे नाव नको. १९०२ साली त्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि ठिणगी एकदाची भरवशाची झाली.

यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी अमेरिकेत एक नवीच तिचाकी अवतरली. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, दुकानदार रिकामे बसतात, म्हणून होंडाच्या अमेरिकेतील शाखेने १९६७ साली जपानकडे बर्फावर चालेल असे काहीतरी मागितले. ओसामु ताकेउची या अभियंत्याने चाकांची नाना गणिते करून पाहिली आणि शेवटी तिनांवर आला. १९७० ची ती ‘यूएस ९०’. पुढे तिचेच नाव ‘एटीसी ९०’ झाले. ८९ सीसीचे इंजिन, फुग्यासारखे तीन मऊ टायर, स्प्रिंग कुठेच नाहीत, दोरी ओढली की सुरू. किंमत ५९५ डॉलर. बर्फ, वाळू, चिखल, शेत, कुठेही ती जाई.

आज अशी एखादी गाडी गोठ्यातून बाहेर काढली, की दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन हूं की चूं करीत नाही. अशा वेळी नवे सुटे भाग आणण्याची घाई करू नये. ठिणगीचा माग टोकाकडून उगमाकडे काढीत जावे. प्रथम प्लग काढून तो टोपणातच ठेवावा, धातूचे अंग इंजिनाला टेकवावे, पेट्रोलचा थेंब जवळ नाही हे पाहावे आणि सावलीत दोरी ओढावी. निळी, टणक ठिणगी दिसली तर दोष बहुधा दुसरीकडे, कार्बुरेटरकडे पाहावे. ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून पाहावा. तरीही नाही, तर टोपण काढून तारेचे कुजलेले टोक थोडे कापावे आणि पुन्हा पाहावे.

इथवर काही सापडले नाही, तर हँडलवरच्या बंद करण्याच्या बटणाची तार सोडवावी. मॅग्नेटोच्या अशा गाड्यांत हे बटण वीज तोडीत नाही. ती जमिनीत, म्हणजे गाडीच्या धातूत, वळवून देते. बटणात ओल शिरली किंवा तारेचे आवरण झिजले, की गाडी कायमचीच ‘बंद’ असते. बेर्थाने जिच्याभोवती पट्टा गुंडाळला, त्याच जातीची ही व्याधी.

मग पॉइंट. ही दोन धातूची टोके नेमक्या क्षणी उघडतात, वीज तुटते आणि त्या धक्क्याने कॉइलमध्ये उच्च दाब उसळतो. ती काळवंडली असतील तर बारीक कानशीने घासावी, स्वच्छ कागद त्यांच्यामधून ओढावा, आणि पुरी उघडल्यावर फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर आहे ना ते पाहावे. टोके पुन्हा पुन्हा जळत असतील तर अपराधी कंडेन्सर. थंड असताना गाडी चालते आणि तापली की बंद पडते, तेव्हा कॉइलवर किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा.

या दुरुस्तीत बेन्झची कॉइल, बॉशचा चुंबक, होनोल्डचा प्लग, सगळे एकेक हाताला लागतात. पुढच्या नमुन्यांत पॉइंट गेले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी आली. ती झिजत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु बिघडली तर उघडून पाहण्यासारखे आत काही नाही, बदलायची, एवढेच.

एक गोष्ट मात्र राहिली. बटणाची तार सोडताच गाडी धडधडू लागते, आणि त्या आनंदात पुष्कळ जण ती तार तशीच लोंबती ठेवतात. ही तिचाकी वळणावर उलटण्याबद्दल कुप्रसिद्ध होती. अशा वाहनांच्या अपघातांत अमेरिकेत शेकडो माणसे दगावली. त्यांत सोळा वर्षांखालची मुले पुष्कळ होती. १९८८ साली सरकार आणि कारखानदार यांच्यात न्यायालयात तडजोड झाली आणि तिथे नव्या तिचाक्यांची विक्री थांबली. म्हणून नवे बटण बसवून, तार जोडून, ते दाबल्यावर इंजिन खरोखर बंद पडते याची खात्री केल्यावाचून दुरुस्ती पुरी झाली असे समजू नये. ठिणगी हुकमी पडावी म्हणून माणसांनी आयुष्ये वेचली. ती हुकमी विझलीही पाहिजे, कारण गोठ्याच्या दाराशी उभे राहून ती गाडी कधी चालवायला मिळेल याची वाट पाहणारे घरातले पोरच असते.