कागदावरची गुहा

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा नेहमीचा सवाल: पोरं व्हिडिओ गेममध्ये एवढी गुंगतात कशी? ठरलेलं उत्तर म्हणजे, "हल्ली चित्रं किती खरी दिसतात!" मला हे पटत नाही, कारण या खेळांचा इतिहास वेगळंच सांगतो.

विल क्राउथर हा अमेरिकेतला प्रोग्रॅमर, आर्पानेट उभारणाऱ्यांपैकी एक. छंद गुहा धुंडाळण्याचा. केंटकीतल्या मॅमथ केव्ह परिसरात तो आणि त्याची बायको गुहांचे नकाशे करत. पुढे दोघं वेगळी झाली, गुहा सुटल्या, मुलींची आठवण छळू लागली. तेव्हा, १९७५-७६ च्या सुमारास, मुलींना खेळता यावा म्हणून त्याने 'ॲडव्हेंचर' लिहिला.

त्यात चित्र एकही नाही. नुसती वाक्यं: तू अमुक ठिकाणी आहेस, तमुक दिशेला वाट आहे. आपण एकदोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. दिव्याविना अंधारात पुढे गेलात तर खड्ड्यात पडायची भीती. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात जादूची भर घातली, पण मूळ गुहा खरीच होती. हा खेळ खेळलेली एक बाई पुढे पहिल्यांदाच त्या गुहेत उतरली आणि तिला वाटा आधीच ठाऊक निघाल्या, असं तिच्या सोबतच्या गुहाभटक्याने लिहून ठेवलंय!

म्हणजे नकाशा तयार होतो तो खेळणाऱ्याच्या डोक्यात. आणि ते जग उत्तर देतं. वस्तू ठेवली तिथेच सापडते, चुकलात तर भोगावं लागतं. गुंगवतं ते हे, असं मला वाटतं.

दुसरा दाखला १९७८ चा, जपानमधला. तोमोहिरो निशिकादोच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये पडद्यावर ५५ परग्रहवासी. तेवढे हलवताना बिचाऱ्या यंत्राची दमछाक व्हायची. शत्रू मरत गेले की ओझं कमी, म्हणून उरलेले वेगाने धावत. निशिकादोने ते तसंच ठेवलं. चार सुरांचा ठेकाही त्यांच्यासोबत जलद होत जातो. चित्रं अगदी ओबडधोबड, पण छातीत धडधड सुरू! खेळणारा जितकं चांगलं खेळतो, तितका खेळ त्याला घाई करतो.

असो. क्राउथरला जिथे जाणं अवघड झालं होतं, तिथे त्याने मुलींना नेलं, तेही केवळ शब्दांनी. म्हणून घरातलं पोर हाक ऐकत नसेल तर ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून विचारून बघा, "कुठवर पोचलास रे?" सांगेल, भरभरून सांगेल.