फाळके वाढवले, पण ब्रेकचं काय? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बदल करण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या आसपास सोयगाव तालुक्यात कापसाची वेचणी जोरात असते. तेव्हा रस्त्यावरच्या ट्रॉल्यांकडे नीट बघा. कुणी फाळक्यांवर आणखी दोन फूट जाळी चढवलेली असते, कुणी मागे रॅम्प बसवलेला असतो, तर कुणी साध्या ट्रॉलीला जॅक लावून तिची डंपिंग ट्रॉली केलेली असते. तीच ट्रॉली पुढे मका वाहते, मग शेणखत आणि मुरूम. उन्हाळ्यात तिच्यावर पाण्याची टाकी बसते आणि पेरणी जवळ आली की रोटाव्हेटर नाहीतर भाड्याचा मिनी ट्रॅक्टर.

एका ट्रॉलीकडून इतकी कामं करून घ्यायची तर बदल करावेच लागतात. अडचण अशी की वेल्डिंगच्या दुकानात चर्चा होते ती 'माल किती मावेल' याची. 'वजन किती होईल' हा प्रश्न मागे राहतो.

मावतं किती आणि पेलतं किती?

साधा हिशेब करून बघू. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच फाळक्यांच्या ट्रॉलीत 120 घनफूट, म्हणजे साधारण 3.4 घनमीटर जागा असते. त्यात मक्याचे दाणे भरले तर वजन होतं अंदाजे 25 क्विंटल. तेवढाच मुरूम भरला तर 5 ते 6 टन.

आता फाळके 4 फूट केले. कापसासाठी हे ठीक आहे, कारण सुटा कापूस जागा खूप घेतो आणि वजन कमी भरतो. पण सीझन संपल्यावर जाळीच्या जागी पत्रा ठोकून त्याच उंचीपर्यंत मुरूम भरला, तर वजन 10 टनांच्या पुढे जातं. एक्सल, पाटे आणि टायर मात्र जुनेच. म्हणून कापसासाठी वाढवलेली उंची नटबोल्टने काढता येईल अशीच ठेवलेली बरी. कायमची वेल्डिंग केली की ती भरायचा मोह होतोच.

घाटात खरी परीक्षा

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. पाचोरा, जामनेरकडे जाणं सोपं, पण सिल्लोड किंवा छत्रपती संभाजीनगरकडून काही आणायचं तर येताना अजिंठा घाट उतरून फर्दापूरला यावं लागतं.

बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. 45-50 एचपीचा ट्रॅक्टर स्वतः असतो साधारण 2 टनांचा. मागे मालासकट 7.5 टनांची ट्रॉली असेल आणि रस्ता दर 20 मीटरला 1 मीटर उतरत असेल, तर ती ट्रॉली हुकावर सुमारे 375 किलोचा रेटा सतत देत राहते. ब्रेक मारल्यावर हा रेटा आणखी वाढतो. वळणावर असं झालं की ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलत आडवी करते.

त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर ते आधी ब्रेकवर घालावेत, रंगरंगोटी आणि हॉर्न नंतर. ट्रॉलीच्या एक्सलला ट्रॅक्टरच्या पेडलवरून चालणारे ब्रेक बसवता येतात. तेवढं जमत नसेल तर निदान दोन गोष्टी पाळायच्या. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर येताना ते कडीने एकमेकांना जोडायचे. आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे इंजिनचा ब्रेकही सोडून देणं.

अवजार कुठे ठेवायचं?

दोन चाकी ट्रॉलीत माल कुठे ठेवला यावर बरंच काही ठरतं. वजन मागे गेलं तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. फार पुढे आलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. रोटाव्हेटरसारखं जड अवजार एक्सलच्या किंचित पुढे ठेवायचं आणि पट्ट्याने आवळायचं. बांधायचे हूक खालच्या चॅनलला जोडलेले हवेत. पत्र्याला जोडलेला हूक पत्र्यासकट निघतो.

मिनी ट्रॅक्टर चढवायचा असेल तर रॅम्प जितका लांब तितका चढ कमी. चढवताना ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली आणि चाकांना उटी लावलेली असावी. नाहीतर मागे वजन येताच दांडी हवेत जाते.

दांडीबद्दल आणखी एक. तिच्या चॅनलवर आडवी वेल्डिंग मारली की पुढे तिथूनच तडा जाण्याची शक्यता वाढते. हुकाच्या पिनला लॉक क्लिप आणि सोबत एक सेफ्टी चेन, एवढा खर्च कुणालाही परवडतो.

जॅक बसवला असेल तर ट्रॉली सपाट जागेवरच उचलायची, वर विजेच्या तारा नाहीत हे बघून. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू न लावता कुणीही जायचं नाही. पाइप फुटला तर ती एका क्षणात खाली येते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा वजनासाठी कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. मर्यादेपेक्षा बाहेर किंवा उंच गेलेल्या मालालाही 20,000 रुपये. फुगलेली कापसाची ट्रॉली यात सहज बसते.

म्हणून लांबी, उंची, एक्सल किंवा वजनक्षमता बदलणार असाल तर वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी आरटीओत विचारा. ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, तसा विम्यातही तिचा स्वतंत्र उल्लेख आहे का ते पॉलिसी काढून तपासा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही आहे, असं बरेच जण धरून चालतात आणि अपघातानंतर खरं काय ते कळतं.

राहिला उजेड. ट्रॉलीचे मागचे दिवे ट्रॅक्टरच्या सात पिनच्या सॉकेटला जोडता येतात, पण वायर तुटली की ती पुन्हा जोडायचं राहून जातं. रिफ्लेक्टर टेपला वायर लागत नाही. समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. फाळका उघडा टाकून माल नेत असाल तर लाल टेप झाकली जाते, त्यामुळे ती खालच्या चॅनलवरही लावा आणि चिखल लागला की फडक्याने पुसून घ्या.