१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम नैसर्गिक संख्या असून ती १११११११११ या संख्येचा वर्ग आहे. उलट क्रमाने वाचली तरी ती तीच राहते. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांमध्ये तिचा समावेश होतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी येतो; त्यापुढचे स्थान 'परार्ध' होय.

नाव
देवळाली येथे शालेय शिक्षक असलेल्या कापरेकरांनी या संख्यांना जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरील डेम्लो (आताचे डोंबिवली) स्थानकाचे नाव दिले. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला या संख्यांवरील निबंध १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रचना
१११११११११ ला त्याच संख्येने गुणताना तीच संख्या नऊ ओळींत, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवून मांडावी लागते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन असे एक येत जातात. मधल्या स्तंभात ते नऊ होतात आणि पुढे तसेच कमी होतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवापेक्षा जास्त नसल्याने हातचा येत नाही.

गुणधर्म
• मूळ अवयव: ३⁴ × ३७² × ३३३६६७².
• एकूण विभाजक ४५. प्रत्येक पूर्ण वर्गाप्रमाणे ही संख्या विषम आहे.
• अंकांची बेरीज ८१ असून तिने या संख्येला निःशेष भाग जातो. म्हणून ही हर्षद संख्या आहे. हे नावही कापरेकरांनीच दिले. भागाकार १२३४५६७९ या संख्येचा वर्ग येतो.
• पहिले आठ व शेवटचे नऊ अंक वेगळे करून मिळवल्यास १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. याच रीतीने १२३२१ पासून १२ + ३२१ = ३३३ मिळतात.

मालिकेची मर्यादा
१, १२१, १२३२१, … या मालिकेतील ही नववी संख्या आहे आणि अंकांचा असा चढ-उतार राखणारी शेवटची. दहा एकांचा वर्ग केल्यास मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते; तिच्या चढत्या भागात ८ हा अंक उरत नाही. नऊ वेळा खरा ठरलेला नियम दहाव्या वेळी मोडतो. त्यामुळे केवळ उदाहरणे पाहून नियम सिद्ध होत नाही, हे दाखवण्यास ही मालिका उपयुक्त आहे.

ही मर्यादा संख्येच्या आकारामुळे नव्हे, तर दशमान लेखनपद्धतीमुळे येते. अष्टमान पद्धतीत ती सात एकांवरच गाठली जाते: तेथे ११११११११ नव्हे, तर १११११११ चा वर्ग १२३४५६७६५४३२१ हा शेवटचा ठरतो. याउलट अवयव, विभाजकांची संख्या आणि पूर्ण वर्ग असणे हे गुणधर्म कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी बदलत नाहीत.