बैलाचें दुखणें आणि गिधाडाचें मरण

लोणावळ्याखालीं पवनेच्या खोऱ्यांत भाताची चिखलणी पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या खांद्यावर होत आली. जुवाच्या घासानें खांदा येतो; दुखापत खोल गेली म्हणजे पुढच्या पायाकडे जाणारा मज्जातंतु दबतो आणि जनावर पाय ओढूं लागतें. मावळ्याजवळ उपाय थोडे होते. पोळ्याच्या आदल्या दिवशीं लोणी-हळदीनें खांदे मळावयाचे, आणि तेवढ्यानें न भागलें तर तापल्या लोखंडाचा डाग द्यावयाचा. डागानें तंतु सांधत नाहीं, नवी जखम मात्र होते. मुंबईस १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें, तरी वाडीवस्तीवर डाग चालूच राहिला.

पुढें सूज उतरविणारीं औषधें आलीं. त्यांतलें डायक्लोफिनॅक स्वस्त व गुणकारी असल्यानें १९९० नंतरच्या दशकांत तें देशभर गुरांना टोंचूं लागले. तुटलेला तंतु दिवसास सुमारें एक मिलिमीटर एवढ्याच मंद गतीनें वाढतो, व तें काम शरीरानेंच करावयाचें असतें. औषध सूज आणि ठणका आवरतें. शेतकऱ्यास तेवढेंही पुष्कळ होतें, आणि त्याबद्दल त्याला दोष देणें अन्यायाचें होईल.

परंतु औषध टोंचलेलें जनावर मेलें, कीं शव गांवाबाहेर पडे व गिधाडें तें फस्त करीत. मांसांतील औषधानें त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत, आंतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसे, आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरे. शंभरांत एखादेंच शव दूषित असलें तरी संहाराला पुरें, कारण एका शवावर थवाच्या थवा उतरतो. भरतपूरच्या अरण्यांत डॉ. विभु प्रकाश यांना गिधाडें ओसरलेलीं दिसलीं. कारण उमजलें तें २००४ सालीं, पाकिस्तानांतील संशोधनावरून. १९९२ ते २००७ या काळांत देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक उरलीं. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटें करणारें लांब चोचीचें गिधाडही विरळ झालें. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाच्या अंत्यविधीलाच अडचण आली.

२००६ सालीं गुरांसाठींच्या डायक्लोफिनॅकवर भारतांत बंदी आली. त्याच सालीं मेलॉक्सिकॅम हें दुसरें औषध गिधाडांस निर्धोक असल्याचें प्रसिद्ध झालें, आणि तेंही सूज उतरवितें. तथापि माणसांसाठींची मोठी कुपी गोठ्यांत जातच राहिली. ती ३ मिलिलिटरांवर आणण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक गुरांसाठीं बंद झालीं तीं २०२३ मध्यें. गिधाडाची मादी वर्षास एकच अंडें घालते, आणि त्यांतून निघालेलें पिलूं वयांत येण्यास चार-पांच वर्षें लागतात.