धर्मगुरूवांचून टिकलेला धर्म

धर्म मंदिरांत जगतो कीं घरांत, या प्रश्नाचें उत्तर शोधणारानें जपानांतील नागासाकीचा इतिहास अवश्य पाहावा, असें आम्हांस वाटतें. सन १५४९ मध्यें फ्रान्सिस झेवियरनें जपानांत आणिलेला कॅथलिक धर्म लवकरच राजसत्तेच्या डोळ्यांत सलूं लागला. १५९७ मध्यें नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यांत आलें. त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया हाही होता. १६१४ मध्यें देशभर बंदी आली, आणि सुमारें तीस वर्षांत तेथें एकही धर्मगुरू उरला नाहीं.

मग धर्म राखिला कोणीं? कुटुंबांनीं. उराकामी गांवीं एक गृहस्थ सणवारांचें पंचांग सांभाळी, दुसरा अर्भकांस बाप्तिस्मा देई. कान्नोनच्या मूर्तींत भाविक मरियेचें रूप पाहत. पडताळ्यासाठीं ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवण्याची सक्ती होई. पुष्कळ जण तो ठेवीत आणि घरीं येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. यांस भीरु म्हणावें काय? आमच्या मतें हुतात्म्यांनीं त्या धर्मास तेज दिलें. परंतु त्यास वंश दिला तो याच डळमळत्या पायांनीं.

१७ मार्च १८६५ रोजीं उराकामीचे कांहीं लोक ओउरा येथील नव्या चर्चमध्यें फादर पेतिजां यांस भेटले आणि मरियेची मूर्ति कोठें आहे, असें त्यांनीं विचारिलें. एवढी ओळख पुरेशी होती. पुढें तीन हजारांवर लोक हद्दपार झाले. बंदी उठली ती १८७३ मध्यें. अडीच शतकें हा दिवा ज्या घरांत तेवला, त्यांतील बहुतेकांचीं नांवें इतिहासास ठाऊक नाहींत.