कॅरॅव्हॅन, अरुंद जागेत हलवणे

मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. ब्रिटनमध्ये ती बहुधा घराच्या अंगणात किंवा भाड्याच्या जागेत उभी करतात. रुंदीची कायदेशीर मर्यादा २.५५ मीटर, फाटक मात्र बरेचदा जेमतेम तेवढेच असते.

मोटारीने मागे ढकलताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते : कॅरॅव्हॅनचे मागचे टोक डावीकडे न्यायचे, तर मोटारीचे चाक आधी उजवीकडे. हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर धरला, तर हात जाईल त्याच दिशेला ते टोक वळते. वळण अति झाले की दोन्ही वाहने कात्रीसारखी मिटू लागतात. अशा वेळी पुढे जाऊन सरळ होणे हाच शहाणपणा.

जोड सोडून हाताने ढकलताना पुढच्या लहान चाकाने दिशा देता येते. सपाट, टणक जमिनीवर दोघेतिघे पुरतात. उतारावर मात्र हा प्रयोग करू नये. कारण मागे सरकताना ब्रेक आपोआप सैल करणारी यंत्रणा असल्याने, हँडब्रेक ओढला तरी तो घट्ट बसण्याआधी गाडी थोडी घरंगळते.

‘मूव्हर’ने ही कसरत बरीच कमी केली. १२ व्होल्टच्या बॅटरीवरील मोटारींचे रोलर टायरवर दाबले जातात आणि रिमोटने प्रत्येक बाजू स्वतंत्र फिरते. एका आसाची कॅरॅव्हॅन त्यामुळे जवळजवळ जागच्या जागी वळते. दोन आसांच्या गाडीला हे जड जाते. मूव्हरचे वजन सामानाच्या मर्यादेतून वजा होते, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते. ओढण्यापूर्वी रोलर टायरपासून दूर करणे आवश्यक असते.